इंग्लंडमध्ये स्वयंसेवी मॅजिस्ट्रेट होण्यासाठीची मुलाखत : तयारी कशी करावी

इंग्लंड आणि वेल्समधील नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी खटले मॅजिस्ट्रेट न्यायालयातच निकाली निघतात, आणि त्यांतील फार मोठ्या भागाचा निर्णय कायद्याची पदवी नसलेले, पगार न घेणारे सामान्य नागरिक देतात. भारतात दंडाधिकारी म्हटले की परीक्षा देऊन नेमलेला पगारी अधिकारी डोळ्यांसमोर येतो. इकडची व्यवस्था वेगळी आहे, आणि तिची मुळे १३६१ च्या कायद्यापर्यंत जातात. मॅजिस्ट्रेट साधारणपणे तिघांच्या पीठात बसतात. मधली व्यक्ती अध्यक्ष असते, दोन बाजूंच्या सदस्यांना ‘विंगर’ म्हणतात आणि कायद्याच्या मुद्द्यांवर सल्ला देण्यासाठी प्रशिक्षित विधी सल्लागार न्यायालयात हजर असतो. कायदा सांगायला एक जाणकार मुद्दाम बसवलेला असल्यामुळे मुलाखतीत आपल्या कायद्याच्या ज्ञानाची परीक्षा घेतली जात नाही. समोर आलेल्या माहितीतून आपण निर्णयापर्यंत कसे पोहोचतो आणि सोबतच्या दोघांबरोबर तो कसा घडवतो, हे मुलाखत घेणाऱ्यांना प्रत्यक्ष ऐकायचे असते. या लेखातील सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधील व्यवस्था निराळ्या असल्याने तेथे राहणाऱ्यांनी हा मजकूर जसाच्या तसा वापरू नये.)

अर्ज करण्यापूर्वी

पात्रतेच्या अटी अनेकांना वाटतात त्यापेक्षा सैल आहेत. वय १८ पूर्ण आणि ७५ च्या आत असावे लागते. निवृत्तीचे वय २०२२ मध्ये ७० वरून ७५ करण्यात आले. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही, मात्र राजनिष्ठेची शपथ घेण्याची तयारी हवी, आणि ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी या बाबीचा विचार घरी शांतपणे करून मगच पुढे जावे. पोलीस, सरकारी अभियोग विभाग, तुरुंग प्रशासन अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना हितसंबंधांच्या संघर्षामुळे घेतले जात नाही. दिवाळखोरीतून अद्याप मुक्त न झालेल्या व्यक्तीचीही नेमणूक होत नाही.

वेळेची अट मात्र खरोखरच कडक आहे. वर्षाला किमान १३ दिवस न्यायालयात बसावे लागते, हे दिवस सहसा सकाळ-दुपारच्या अर्ध्या दिवसांत विभागलेले असतात, प्रशिक्षणाचे दिवस त्याव्यतिरिक्त धरावे लागतात आणि निदान पाच वर्षे सेवा द्यावी अशी अपेक्षा असते. मानधन नाही, प्रवास आणि जेवणखर्च मिळतो, तसेच बुडालेल्या कमाईसाठी ठरावीक मर्यादेत भत्ता मागता येतो. १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार मालकाने या कामासाठी वाजवी रजा दिली पाहिजे, पण त्या दिवसांचा पगार देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्यामुळे अर्ज करण्याआधीच वरिष्ठांशी बोलून घ्यावे. ‘रजेचे काय करणार?’ हा प्रश्न मुलाखतीत बहुधा येतोच, आणि ‘बघू, जमवून घेऊ’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

दुसरी पूर्वतयारी म्हणजे न्यायालयात जाऊन बसणे. मॅजिस्ट्रेट न्यायालयाची प्रेक्षकांची जागा सर्वांसाठी खुली असते. दारावरच्या कर्मचाऱ्याला आपण अर्ज करण्याच्या विचारात आहोत असे सांगितले, तर कोणत्या दालनात काय चालू आहे हे कळते. एकदा जाऊन भागत नाही. एका दिवशी वाहतुकीचे खटले पाहावेत, दुसऱ्या दिवशी कोठडीतून आणलेल्या आरोपींचे जामीन अर्ज पाहावेत, जमल्यास शिक्षेसाठी ठेवलेल्या प्रकरणांचा दिवस निवडावा. अल्पवयीनांची आणि कौटुंबिक प्रकरणे बंद दाराआड चालतात, त्यामुळे ती पाहता येत नाहीत. फौजदारी न्यायालयासाठी अर्ज करायचा की कौटुंबिक, हे अर्जाच्या वेळीच ठरवायचे असल्याने कौटुंबिक बाजू निवडणाऱ्यांनी मुले, पालकत्व आणि स्थानिक प्रशासनाची भूमिका यांविषयी अधिकृत माहिती वाचून ही उणीव भरून काढावी.

न्यायालयात बसल्यावर निकालापेक्षा त्यामागची कारणे टिपावीत. अध्यक्षांनी आरोपीला त्याला समजेल अशा भाषेत काय सांगितले, दुभाषा असताना वेग कसा बदलला, पीठ सल्लामसलतीसाठी आत गेले तेव्हा नेमका कोणता मुद्दा अडला असावा, अशा गोष्टी त्याच संध्याकाळी लिहून ठेवाव्यात. ‘आपण न्यायालयात काय पाहिलेत आणि त्याबद्दल काय वाटले?’ असे विचारल्यावर ‘कामकाज फार शिस्तीत चालते’ असे सांगणारे उमेदवार पुष्कळ असतात. एखाद्या जामीन अर्जात पत्त्याची खात्री पटत नसल्यामुळे काय घडले आणि पीठाच्या जागी आपण असतो तर अजून काय विचारले असते, हे सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

ऑनलाइन चाचणी आणि पाच गुण

अर्जानंतर ऑनलाइन मूल्यमापन असते. त्यात न्यायालयीन कामात उद्भवणारे प्रसंग देऊन कोणता प्रतिसाद अधिक योग्य, हे विचारले जाते. पाठांतराने यात काही साधत नाही. नमुना प्रश्न उपलब्ध असतील तर ते सोडवून पाहावेत आणि पुढे जावे.

मुलाखतीसाठी मात्र निवडीचे पाच गुण नीट समजून घ्यावेत, कारण बहुतेक प्रश्न त्यांच्यातूनच तयार होतात. भिन्न दृष्टिकोन समजून घेणे आणि त्यांची कदर करणे. संवेदनशीलतेने व आदराने संवाद साधणे. लोकांबरोबर व्यावसायिक शिस्तीने काम करणे. न्याय्य, निःपक्षपाती आणि कारणे स्पष्ट दिसतील असे निर्णय घेणे. आणि स्वतःची जाणीव ठेवून शिकायला तयार असणे. यांतील चौथा गुण सर्वांना महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे त्याची तयारी सगळेच करतात. माझ्या मते उमेदवार अधिक वेळा पहिल्या आणि पाचव्या गुणात कमी पडतात.

प्रत्येक गुणासाठी स्वतःच्या आयुष्यातील दोन तरी खरे प्रसंग तयार ठेवावेत. ते नोकरीतलेच असावेत असे नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीतील वाद, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीतील खर्चावरून झालेले मतभेद, रुग्णालयातील पाळीचे वाटप, शेजाऱ्यांमधील तंटा, यांपैकी काहीही चालते. प्रसंग सांगताना परिस्थिती दोन वाक्यांत आटोपावी, आपल्यावर कोणती जबाबदारी होती ते एका वाक्यात सांगावे, आणि उरलेला वेळ आपण काय केले, का केले आणि त्याचा परिणाम काय झाला यासाठी राखावा.

येथे आपल्या लोकांच्या दोन सवयी आड येतात. पहिली म्हणजे ‘आम्ही’. स्वतःचे नाव पुढे करणे अशोभनीय मानणाऱ्या घरांत वाढल्यामुळे ‘आम्ही चर्चा केली, आम्ही मार्ग काढला’ असे सहज तोंडून जाते, आणि समोरच्याला आपला वाटा कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. इंग्रजीत बोलतानाही ही सवय सुटत नाही. येथे ‘मी’ म्हणण्यात उद्धटपणा नाही, कारण मूल्यमापन त्या ‘मी’चेच होणार आहे. दुसरी सवय पदव्या आणि पदांची यादी वाचण्याची. मॅजिस्ट्रेटसाठी कोणत्याही शैक्षणिक पात्रतेची अट नाही. उलट, निर्णय घेताना हा माणूस पीठातील बसचालकाचे किंवा दुकानात काम करणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे ऐकून घेईल का, अशी शंका त्या यादीमुळेच निर्माण होऊ शकते.

पाचव्या गुणासाठीचा प्रसंग निवडताना विशेष काळजी घ्यावी. ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो’ अशा छापाचा दोष सांगितला की मुलाखत घेणारे मनातल्या मनात पुढच्या प्रश्नावर जातात. एखाद्या माणसाबद्दल आपण आधीच मत बनवले होते, कोणीतरी ते दाखवून दिले आणि त्यानंतर आपल्या वागण्यात अमुक फरक पडला, असा साधा पण खरा प्रसंग अधिक उपयोगी पडतो. जात, धर्म, उच्चार, पोशाख, शिक्षण यांवरून आपल्याही मनात ग्रह असतात हे ज्याला मान्यच नसते, त्याची निःपक्षपातीपणाची ग्वाही कोणी फारशी गंभीरपणे घेत नाही.

काल्पनिक प्रकरण कसे हाताळावे

मुलाखत सल्लागार समितीच्या वतीने घेतली जाते. या समित्यांवर विद्यमान मॅजिस्ट्रेट असतात, तसेच मॅजिस्ट्रेट नसलेले स्थानिक नागरिकही असतात. अनुभवावरील प्रश्नांखेरीज एखादे प्रकरण देऊन त्यावर विचार मांडायला सांगितले, तर काय करावे हे एका उदाहरणावरून पाहू.

वृद्धाश्रमात काम करणाऱ्या एका सेविकेने तेथील आजींच्या पर्समधून ६० पौंड चोरले. पहिल्याच सुनावणीत तिने गुन्हा कबूल केला आहे, आधीची शिक्षा नाही, दोन लहान मुले आहेत, कर्ज झाले आहे आणि नोकरी गेली आहे. काय कराल?

येथे थेट शिक्षेवर उडी मारणे हा सर्वांत वाईट मार्ग. आधी गुन्ह्याकडे पाहावे, मग गुन्हेगाराकडे. शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वे हाच क्रम पाळतात : आरोपीचा दोष किती आणि झालेली हानी किती, हे आधी ठरवायचे; त्यानंतर गांभीर्य वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बाबी पाहायच्या; शेवटी कबुलीची सवलत द्यायची. या प्रकरणात रक्कम लहान आहे, पण सेविकेवर टाकलेल्या विश्वासाचा भंग झाला आहे आणि बळी पडलेली व्यक्ती वयोवृद्ध व तिच्यावर अवलंबून असलेली आहे. म्हणून ‘साठच पौंड तर आहेत’ असे म्हणून हा गुन्हा किरकोळ ठरवता येत नाही. दुसऱ्या बाजूला पूर्वीची शिक्षा नसणे, मुलांची जबाबदारी आणि लगेच दिलेली कबुली आहे. पहिल्या सुनावणीतल्या कबुलीसाठी शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत कपात मिळू शकते.

मग आपल्याला अजून काय माहीत असायला हवे, ते मोठ्याने सांगावे. हे एकदाच घडले की अनेकदा? पैसे परत केले का? आजींवर काय परिणाम झाला? प्रोबेशन विभागाचा अहवाल मिळू शकेल का? हे प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर टाळणे नव्हे, पीठही असेच प्रश्न विचारते. त्यानंतर पर्याय चढत्या क्रमाने तपासावेत : अटींसह किंवा अटींविना सुटका, दंड, समाजसेवा वा देखरेखीचा आदेश, आणि अखेरीस तुरुंगवास. तुरुंगवास तेव्हाच, जेव्हा गुन्हा इतका गंभीर असतो की दंड किंवा सामुदायिक शिक्षा यांपैकी काहीच पुरेसे ठरू शकत नाही. आजींना नुकसानभरपाई देण्याचा विचार आवर्जून मांडावा, कारण आरोपीकडे पैसे मर्यादित असतील तर भरपाईला दंडाच्या आधी स्थान मिळते. उमेदवाराला ही तत्त्वे तोंडपाठ हवीत अशी कोणाची अपेक्षा नसते, पण विचारांची पायरी सुटली की ती लगेच जाणवते.

खरी कसोटी यानंतर लागते. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कोणी म्हणते, ‘मला वाटते तिला तुरुंगातच पाठवले पाहिजे.’ किंवा नवी माहिती पुढे ठेवली जाते : त्या घटनेनंतर आजी कोणत्याही सेविकेला खोलीत येऊ देत नाहीत. पहिल्या बाबतीत लगेच माघार घेऊ नये आणि हट्टालाही पेटू नये. त्या मताची कारणे विचारावीत, त्यांत आपल्या नजरेतून सुटलेले काही असेल तर ते मान्य करावे, नसेल तर आपले म्हणणे कारणांसह पुन्हा मांडावे. वडीलधाऱ्यांसमोर किंवा अधिकारपदावरील व्यक्तीसमोर मान तुकवण्याच्या संस्कारामुळे आपल्यातील अनेक जण या ठिकाणी दोन वाक्यांत मत बदलतात. पीठातील तिघांचे मत समान वजनाचे असते आणि निर्णय बहुमतानेही होऊ शकतो, त्यामुळे अध्यक्षांना नुसता होकार देणारा विंगर कोणालाच नको असतो. दुसऱ्या बाबतीत मात्र विचार बदलायलाच हवा, निदान तो पुन्हा तपासायला हवा, कारण हानीविषयीची माहितीच बदलली आहे. मत बदलले तर ते नव्या माहितीमुळे बदलले की समोरच्याच्या दडपणामुळे, हा फरक आपल्या बोलण्यातून स्पष्ट व्हावा.

अधिकारांच्या मर्यादेची जुजबी माहिती असावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅजिस्ट्रेटना एका गुन्ह्यासाठी देता येणाऱ्या तुरुंगवासाची कमाल मर्यादा काही प्रकारच्या गुन्ह्यांत सहा महिन्यांवरून १२ महिने करण्यात आली. गेल्या काही वर्षांत ही मर्यादा एकदा वाढून, कमी होऊन, पुन्हा वाढली आहे, म्हणून मुलाखतीच्या आठवड्यात अधिकृत माहिती पुन्हा पाहावी.

अडचणीत टाकणारे प्रश्न

सल्लामसलतीच्या खोलीत सहकारी आरोपीच्या समाजाबद्दल तिरकस बोलला तर काय कराल? ‘मी वरिष्ठांकडे तक्रार करीन’ हे उत्तर अपुरे आहे, कारण निर्णय आत्ता, त्याच खोलीत व्हायचा आहे. त्या शेऱ्याचा पुराव्याशी काय संबंध, असे तेथेच शांतपणे विचारावे, अध्यक्षांचे लक्ष वेधावे, आणि त्याचा निर्णयावर परिणाम होतो आहे असे वाटल्यास विधी सल्लागाराला सांगावे.

समोरचा आरोपी किंवा साक्षीदार ओळखीचा निघाला तर? लगेच विधी सल्लागाराला कळवावे आणि गरज असेल तर त्या प्रकरणातून बाजूला व्हावे. आपला समाज येथे लहान आहे, गणेशोत्सवात अर्धे गाव भेटते, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. ‘ओळख असली तरी मी तटस्थ राहीन’ असे उत्तर मुळीच देऊ नये. न्याय तटस्थपणे झाला एवढे पुरत नाही, तो तसा झाल्याचे त्रयस्थ माणसालाही दिसावे लागते.

एखादा कायदा आपल्याला पटत नसेल तर? अमली पदार्थ जवळ बाळगणे किंवा दूरचित्रवाणीचा परवाना नसणे ही यासाठी नेहमीची उदाहरणे. वैयक्तिक मत असायला हरकत नाही आणि ते लपवण्याचीही गरज नाही, पण खुर्चीवर बसल्यावर संसदेने केलेला कायदाच लागू करावा लागतो. हे मान्य नसणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चारित्र्याचा असतो. आपल्या खासगी किंवा व्यावसायिक आयुष्यात, भूतकाळात, किंवा आपल्या माहितीप्रमाणे कुटुंबीयांच्या वा जवळच्या मित्रांच्या बाबतीत, असे काही आहे का की जे उघड झाल्यास आपली किंवा या पदाची प्रतिष्ठा कमी होईल, अशा अर्थाचा तो प्रश्न असतो. यात वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड, जुना घटस्फोटातील वाद, व्यवसायातील दिवाणी दावा, भावावरचा खटला, समाजमाध्यमावर एके काळी टाकलेला राजकीय मजकूर, हे सगळे येते. बहुतेक किरकोळ गोष्टींमुळे उमेदवारी जात नाही. लपवलेली किरकोळ गोष्ट नंतर सापडली, तर जाते. म्हणून मुलाखतीच्या आधी स्वतःशी यादी करावी, शंका असलेली प्रत्येक बाब सांगावी, आणि सांगताना भारतात घडलेल्या गोष्टी ‘तिकडचे’ म्हणून वगळू नयेत. घरच्यांना हा प्रश्न आधी वाचून दाखवणे उत्तम, कारण आपल्याला ठाऊक नसलेले काही त्यांना ठाऊक असू शकते.

प्रत्यक्ष मुलाखत

मुलाखत अनेकदा दूरदृश्य पद्धतीने होते. खोलीत आपण एकटेच असावे, मागून कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये, आणि टिपणे पडद्याशेजारी चिकटवून वाचू नयेत. डोळे कुठे फिरतात ते समोर दिसते. उच्चाराची चिंता करू नये. मराठी वळणाचे इंग्रजी न्यायालयात चालते, फक्त सावकाश बोलावे आणि वाक्य पूर्ण करावे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा. मुलाखत घेणारे सतत काहीतरी लिहीत असतात आणि चेहऱ्यावर फारशी प्रतिक्रिया दाखवत नाहीत. सर्वांना समान वागणूक मिळावी यासाठीची ती पद्धत आहे, त्यावरून आपले उत्तर चुकले असा तर्क करू नये.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारतात. प्रशिक्षण, मार्गदर्शक मॅजिस्ट्रेटची व्यवस्था किंवा बैठकांचे दिवस किती आधी कळतात, यांपैकी ज्याची खरोखर गरज आहे ते विचारावे. निवड झाली का, असे त्याच वेळी विचारू नये. समिती फक्त शिफारस करते. त्यानंतर संदर्भ आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, मग नियुक्ती होते आणि समारंभपूर्वक शपथ दिली जाते. या सगळ्याला काही महिने लागू शकतात, आणि पात्र ठरूनही त्या भागात जागा नसेल तर थांबावे लागते. या काळात नोकरी बदलली, पत्ता बदलला किंवा गाडी चालवताना एखादा दंड झाला, तर समितीला ताबडतोब लेखी कळवावे, आणि नियुक्तीचे पत्र हाती येईपर्यंत समाजमाध्यमावर अभिनंदन स्वीकारू नये.